हयातीचा दाखला

नोव्हेंबर हा आमच्या बँकेत हयातीच्या दाखल्यांचा महिना. पेन्शन घेणाऱ्यांनी वर्षातून एकदा समोर येऊन आपण जिवंत असल्याचं सांगायचं, सही करायची आणि आम्ही ते खरं मानून शिक्का मारायचा. हल्ली हे काम मोबाइलवरूनही होतं, पण आमचे बरेचसे पेन्शनर काठी टेकत येतातच. माणूस जिवंत आहे की नाही हे यंत्राला काय कळणार, असं त्यांचं म्हणणं. तर मागच्या नोव्हेंबरात शाळेतून निवृत्त झालेले एक सर आले. वय ७८. थरथरत्या हातानं सही केली, मान वर केली, डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला बरं नाही का? हवं तर मी उद्या येतो."

मी ठणठणीत होते. सकाळी दोन पोळ्या जास्त खाऊन आले होते. आणि स्वतः जिवंत असल्याचा पुरावा द्यायला आलेल्या माणसाला माझ्याबद्दल शंका आली होती.

रात्री जेवताना मी हे घरी सांगितलं. नवऱ्यानं ताकाची वाटी पुढे केली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मी कधीची सांगतेय, लोहाच्या गोळ्या सुरू कर." लेकीनं मात्र माझ्याकडे नीट पाहिलं. इमारतीची नुसती दुरुस्ती काढायची की ती सरळ पुनर्विकासाला द्यायची, हे ठरवायला आलेले इंजिनिअर पाहतात तसं. मग म्हणाली, "आई, तू चेहऱ्याला काहीच लावत नाहीस ना!"

हे खरं होतं. मी ज्या घरात वाढले, तिथे चेहऱ्याला काही लावायचं तर कारण लागायचं. आजी सकाळी अंघोळ झाली की करंड्यातलं मेण बोटानं कपाळावर टेकवायची आणि त्यावर पिंजर लावायची. आरसा नाही, काही नाही. तरी कुंकू रुपयाएवढं, कंपास लावून काढल्यासारखं गोल. आई त्याच्या पुढे एक पाऊल गेली होती: रोज टाल्कम पावडर आणि लग्नाकार्याला अफगाण स्नो. त्या स्नोचा थंडगार वास आला की आम्हाला कळायचं, आज जेवायला बाहेर. लिपस्टिक लावणारी बाई आमच्या चाळीत एकच होती. तिसऱ्या मजल्यावर राहायची, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होती, आणि तिच्याबद्दल सगळे आवाज खाली आणून बोलायचे. पुढे आईच्या दुखण्यात हॉस्पिटलमध्ये चार रात्री जागली ती हीच बाई. आवाज खाली आणणाऱ्यांपैकी कुणी आल्याचं मला आठवत नाही.

भाषेनंही आम्हाला कधी साथ दिली नाही. मराठीत तोंड रंगवणं म्हणजे थोबाडीत मारणं. तोंडाला काळं फासतात, तोंडाला पानं पुसतात. चुना लावतात तो फसवायला. चेहऱ्यावर काही लावल्यानं माणसाचं भलं झालंय, असा वाक्प्रचार मला तरी सापडलेला नाही. त्यातल्या त्यात डोळ्यांत अंजन घालणं बरं, पण ते नेहमी दुसऱ्याच्या डोळ्यांत घालायचं असतं. शृंगार म्हटलं की लावणी आठवते, रंगभूषा म्हटलं की नाटक. राहता राहिला 'प्रसाधन' हा सात्त्विक शब्द. तो एसटी स्टँडवर ज्या दारावर रंगवलेला असतो, त्या दाराआड नटायला कुणी जात नाही.

एक योगायोग मला फार आवडतो. १९५२ साली याच मुंबईत टाटांनी लॅक्मे काढली. परदेशी प्रसाधनांवर परकी चलन उधळलं जातंय, म्हणून पंडित नेहरूंनी जे. आर. डीं.ना गळ घातली, अशी गोष्ट सांगतात. नाव घेतलं एका फ्रेंच ऑपेराचं, आणि त्या ऑपेरातल्या नायिकेचं नाव म्हणजे आपल्या 'लक्ष्मी'चाच फ्रेंच अवतार. म्हणजे लक्ष्मी फ्रान्सला गेली आणि उच्चार बदलून परत आली. आमच्या सोसायटीतली बरीच मुलं अमेरिकेहून येतात तशी. त्याच १९५२ साली, त्याच मुंबईत, केशव पेंढरकरांनी विको सुरू केली. पुढे त्यांची हळदीची क्रीम आली, आणि हे सौंदर्यप्रसाधन की औषध यावरून अबकारी खात्याशी त्यांचा जो वाद लागला, तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कंपनी जिंकली. औषध! आमच्या घरानं यातली कुठली बाजू घेतली असेल, ते सांगायला नको. मी कॉलेजात असताना आरशासमोर उभी दिसले आणि आईनं विचारलं, "काय लावतेस गं तोंडाला?" तर माझ्याकडे न्यायालयात टिकेल असं उत्तर होतं.

आणि गंमत अशी की, याच मराठी बायकांच्या दोन पिढ्यांनी नटावं कसं हे एका पुरुषाकडे पाहून ठरवलं. बालगंधर्व रंगमंचावर जसं लुगडं नेसत, जसा गजरा माळत, तसा घरोघरी उचलला गेला. आमच्या वाट्याला रंगभूषा आली ती मात्र शाळेच्या गॅदरिंगपुरती. चाळीस पोरांना मिळून एक रंगभूषाकार, त्याच्याकडे एक डबा, एक स्पंज. शिवाजी, मावळे, अफझलखान आणि फुलराणी सगळ्यांचे गाल एकाच गुलाबी रंगाचे.

एवढ्या भांडवलावर मी पन्नाशीत शिकायला बसले.

लेकीनं आधी माझं कपाट उघडलं. आत तीन वस्तू निघाल्या: संपत आलेली पावडर, काजळाची डबी आणि १९९९ सालच्या, माझ्या लग्नातली लिपस्टिक. मरून रंगाची. मी ती जपून वापरली होती, म्हणजे वापरलीच नव्हती. लेकीनं ती उघडली, हुंगली आणि पणती विझल्यावर येतो तसला वास माझ्या नाकाशी धरला. मग तिनं स्वतःच्या मस्काऱ्याच्या खोक्यावरचं एक बारीक चित्र दाखवलं. झाकण उघडलेली डबी आणि त्यावर '६ एम'. म्हणजे एकदा उघडली की सहा महिने. मस्कारा तर काही जणी तीन महिन्यांतच टाकतात, कारण तो ब्रश डोळ्याला लागून पुन्हा ओल्या नळीत जातो आणि आत जंतूंचा संसार थाटला जातो. मी म्हटलं, "आमच्याकडे लोणचं तीन वर्षं टिकतं." ती म्हणाली, "मग लोणचं लाव."

शनिवारी आम्ही मॉलमध्ये गेलो. नाव सांगत नाही, पण दुकानात इतका उजेड होता की आपण काही लपवायला आलोय याची लाज वाटावी. काळे कपडे घातलेली एक मुलगी पुढे आली आणि तिनं विचारलं, "मॅम, आपका अंडरटोन क्या है?" माझ्या तोंडून जवळजवळ 'डोंबिवली' निघणार होतं.

अंडरटोन म्हणजे कातडीची आतली झाक. वरचा रंग उन्हानं काळवंडतो, सावलीत उजळतो. ही झाक मात्र तीच राहते. कुणाची पिवळसर, कुणाची गुलाबीसर, कुणाची मधली. मनगटाच्या शिरा हिरवट दिसल्या तर पिवळसर, निळ्या-जांभळ्या दिसल्या तर गुलाबी, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. मुलीनं माझं मनगट उजेडात धरलं. माझ्या शिरा रक्त तपासणाऱ्यालाही तिसऱ्या सुईत सापडतात. शेवटी "न्यूट्रल असेल" असा अंदाज निघाला. मला बरं वाटलं. सासर आणि माहेर यांच्यात लग्नापासून मी तेच करत आलेय.

मग फाउंडेशनची फळी. माझ्या लग्नाच्या वेळी वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्मवर रंगासाठी चार शब्द होते: गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. बाबांनी 'निमगोरा'वर खूण केली. निमगोरा हा मराठीतला सगळ्यात आशावादी शब्द आहे. अर्धा पेला भरलेला पाहणाऱ्या बापांनीच तो काढला असणार. आत्याच्या मते मी गव्हाळ होते, आणि पहिल्या स्थळानं 'सावळी पण स्मार्ट' असा शेरा पाठवला होता. त्यातला 'पण' मला अजून पाठ आहे. इथे समोर चाळीसेक बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. लेकीनं सांगितलं की रिहाना या गायिकेनं २०१७ साली फेंटी ब्यूटी काढली, ती एकदम ४० छटांनिशी, आणि त्यानंतर बाकीच्यांनाही गडद रंगाच्या बाटल्या वाढवणं भाग पडलं. तोवर मोठमोठ्या कंपन्यांचा समज मराठी वधूपित्यांसारखाच होता: सगळं जग निमगोरं आहे.

छटांची नावं मात्र सगळी खाण्याची. बिस्किट, हनी, आल्मंड, कॅरॅमल, मोका. वाचता वाचता भूक लागते आणि आपण यातले कोण ते शेवटपर्यंत कळत नाही. कधीतरी एखाद्या मराठी माणसानं कंपनी काढावी आणि बाटल्यांवर भाजणी, चिकोडी गूळ, नाचणी, साय, पुरणपोळी अशी नावं घालावीत. मी दुकानात शिरल्या शिरल्या सांगेन: थालीपीठ द्या, झाकण ठेवून काढलेलं.

मी हाताच्या पाठीवर थेंब घेतला, तर मुलीनं थांबवलं. हाताचा रंग वेगळा, तोंडाचा वेगळा. जबड्याच्या कडेला लावून बघायचं, म्हणजे मानेशीही जुळतं का ते कळतं. तिनं तिथे तीन पट्टे ओढले. आणि मग लेक म्हणाली, "चल बाहेर. दुकानातला उजेड खोटं बोलतो." तेव्हा गालावर तीन पट्टे घेऊन, शंकराच्या देवळातून आडव्या वाटेनं आल्यासारखी मी दाराबाहेर उन्हात उभी राहिले. मायलेकींचा वाद सुरू झाला. पहिला की तिसरा? दारावरचा सिक्युरिटीवाला थोडा वेळ ऐकत होता. मग न राहवून म्हणाला, "बीचवाला, मॅडम." जो पट्टा दिसेनासा होतो तो आपला, हे त्याला रोज बघून कळलं होतं. बीचवालाच घेतला. नऊशे रुपये. त्या माणसाला कंपनीनं कमिशन द्यायला हवं.

लिपस्टिकच्या काउंटरवर मी एक चूक केली. लेकीनं मघाशी सांगितलं होतं की ऑफिसला न्यूड शेड बरी दिसते. मुलगी दुसऱ्या टोकाला होती, म्हणून मी बँकेतल्या आवाजात, टोकन पुकारतो त्या सुरात विचारलं, "न्यूड कुठं आहे?" एक गृहस्थ बायकोची पिशवी सांभाळत उभे होते, तेही शोधू लागले. असो. न्यूड म्हणजे आपल्या ओठांच्याच रंगाची. गोऱ्यांच्या देशात ती दुधाळ, बदामी असते. तीच आपण लावली तर तीन दिवस ताप येऊन गेल्यासारखं दिसतं. आपली न्यूड विटकरी-गुलाबी, जराशी कोकमाकडे झुकणारी. आपले ओठ कोणत्या रंगाचे आहेत, हे मी पन्नास वर्षांत पहिल्यांदा बघितलं.

रविवारी घरी सराव. सनस्क्रीन दोन बोटं भरून, एवढं तोंडाला आणि मानेला लागतंच म्हणे. मी लावलं आणि राखाडी झाले. अशा काही सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड असतं. ते ऊन अडवतं, पण असतं मुळात पांढरं. यातलंच टायटॅनियम भिंतीच्या पांढऱ्या रंगातही असतं. दिवाळीला हॉल आणि मी एकाच पदार्थानं रंगलो होतो तर! ते जिरवून झालं, आता डोळ्यांखालची वर्तुळं. त्यासाठी नारिंगी रंगाचं एक मलम आहे. निळसर-काळ्या झाकेवर तिच्या विरुद्धचा रंग लावला की दोन्ही एकमेकांना मारतात, मग वरून फाउंडेशन. हे सगळं लेक समजावत होती आणि मी डोळ्यांखाली दोन नारिंगी चंद्रकोरी घेऊन बसले होते, तेवढ्यात बेल वाजली. सोसायटीचे सेक्रेटरी, मेंटेनन्सची पावती घेऊन. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पावतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "सावकाश द्या, वहिनी. घाई नाही." आमच्या सेक्रेटरींनी हे वाक्य आजवर कुणालाही म्हटलेलं नाही.

हे सगळं जमेल. आयलायनर मात्र चाळिशीनंतरच्या बाईचा छळ करायलाच काढलेला आहे. चष्मा लावला तर पापणीपर्यंत हात पोचत नाही. काढला तर पापणी कुठे आहे ते दिसत नाही. त्यातून उजवी रेघ जाड झाली म्हणून डावी वाढवायची, मग डावी वरचढ झाली म्हणून उजवी. पोळी गोल करायला कड कापत जावं आणि शेवटी पुरी उरावी, त्याच्या उलट. शेवटी डोळे उरत नाहीत, नुसत्या रेघा उरतात. लेकीनं दहापट मोठं दाखवणारा आरसा आणून दिला. त्यात मी एकदाच पाहिलं. पावसाळ्यानंतरचा कल्याण-शीळ रस्ता.

खरी गुरू मला गाडीत मिळाली. सकाळची फास्ट, लेडीज डबा. माझ्या समोर रोज एक पस्तिशीची मुलगी बसते, फोर्टात कुठल्याशा वकिलाकडे कामाला आहे. डोंबिवलीला चढते ती आणि सीएसएमटीला उतरते ती, या दोघींचा पास एकच, एवढंच साम्य. मी वर्षभर तिच्याकडे नुसतं बघितलं होतं, आता अभ्यास म्हणून बघू लागले. तिचं वेळापत्रक रेल्वेपेक्षा पक्कं आहे. फाउंडेशन ठाण्याच्या आत उरकायचं, कारण ठाण्याला जो लोंढा चढतो त्यानंतर कोपर वर करायला जागा उरत नाही. चौथ्या सीटवर अर्धी टेकलेली असली तरी तिचं हे चुकत नाही. दादरला निम्मा डबा उतरतो. गाडी थांबलेली असते तेवढ्यात एका डोळ्याचा लायनर. दुसरा भायखळ्याला. आणि लिपस्टिक मशीदनंतर, गाडी प्लॅटफॉर्म मिळायची वाट बघत उभी राहते तेव्हा. बाकी डबा मोटरमनच्या नावानं बोटं मोडत असतो. ती शांतपणे वरचा ओठ संपवून खालचा घेते.

एक दिवस धीर करून मी विचारलं. ती म्हणाली, "काकू, रेघ ओढायचीच नाही मुळी. रांगोळीसारखे ठिपके द्यायचे आणि जोडायचे. कोपर पर्सवर टेकवायचं. आणि आरसा समोर नाही धरायचा, खाली धरायचा. हनुवटी वर, नजर खाली. मग पापणी ताणून सपाट होते." चष्म्याचंही तिनं सांगितलं: एका वेळी एकच काच नाकावर, दुसरा डोळा उघडा. जगात एवढे तज्ज्ञ आहेत, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ठिपक्यांची रांगोळी तर मी दहाव्या वर्षापासून काढतेय. महिन्याभरानं ती मला 'काकू'वरून 'ताई' म्हणू लागली. पैसे वसूल झाल्याचा याहून मोठा पुरावा मला नको.

आता गाडी रुळावर आहे. फक्त एक शोध असा लागला की, सगळं लावून झाल्यावर घामानं ते ओघळू नये म्हणून वरून जी सेटिंग पावडर मारतात, तिच्या डबीवर घटकांच्या यादीत बहुतेक वेळा पहिलं नाव असतं टाल्क. म्हणजे आईची पावडर. आई थेट शेवटच्या पायरीवर जायची, मधल्या आठ गाळून. रात्री हे उतरवायला लेक एक महागाचं पाणी वापरते. मी खोबरेल तेल लावते. नाटकवाले वर्षानुवर्षं तोंडाचा रंग त्यानंच काढत आले आहेत. मेणातला आणि तेलातला रंग तेलालाच सोडतो.

सगळं मिळून नऊ वस्तू, अठरा मिनिटं. आणि यातून जे साध्य होतं त्याला म्हणतात नो-मेकअप लुक. काही लावलेलं नाही, असं दिसायला हवं! हे ऐकून मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. कष्ट करायचे आणि कुणाला कळू द्यायचे नाहीत, हेच तर आम्हाला लहानपणापासून शिकवलं. घरात कुणाला कळलंही नाही. सासूबाई म्हणतात, "गोळ्या लागू पडल्या हं." नवरा एकदा थबकला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "केस धुतलेस का?"

यंदाच्या नोव्हेंबरात ते सर पुन्हा आले. काठी तीच, पण चालण्यात जोर. मी सर्व नऊ वस्तूंनिशी सज्ज होते. त्यांनी सही केली, झरझर. मान वर केली, माझ्याकडे पाहिलं. मी जराशी हसले.

"मागच्या वर्षी काही धड दिसत नव्हतं हो," सर म्हणाले. "मोतीबिंदू. समोरचा प्रत्येक माणूस आजारीच वाटायचा. आता दोन्ही डोळे करून घेतले. लख्ख दिसतं." मग ते काउंटरवरून थोडे पुढे वाकले. "बाई, तुमची डावी रेघ उजवीपेक्षा अर्धा धागा खाली आलीय."

मी त्यांचा फॉर्म उलटून पाहिला. चित्रकला शिक्षक. शिक्का मारला आणि दाखला परत दिला.

रेघ खाली आली होती. भायखळ्याला गाडी थांबलीच नव्हती नीट.